युद्धकाळात नाशिकचं पाणी आणि वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मध्ये सायरनचा सराव झाला, तेव्हापासून नाशिकरोड, इंदिरानगर, पंचवटी अशा भागांतल्या सोसायट्या मला बैठकीला बोलावतात. माझी सगळी नोकरी पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर, विद्युत देखभालीत गेली. प्रत्येक बैठकीत प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत, तान्हं मूल आहे किंवा कुणाचं डायलिसिस चालू आहे, त्यांनी हे वाचावंच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नाशिक सीमेपासून शेकडो किलोमीटर लांब आहे. आपण हा विचार कशाला करायचा?

७ मे २०२५ ला केंद्रीय गृह मंत्रालयाने देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घ्यायला सांगितला, त्या यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर ही तिन्ही नावं होती. कारणं आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. देवळालीचा तोफखाना, ओझरचा विमानांचा कारखाना, नाशिकरोडची नोटांची छपाई, एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र, मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे साठे. यात गुपित काही नाही, शाळेतल्या मुलालाही हे पाठ असतं.

आणि नाशिकवर काहीच पडलं नाही तरी झळ बसतेच. एकलहऱ्याला कोळसा रेल्वेने येतो. सिलिंडरमधला निम्म्याहून जास्त गॅस परदेशातून, मुख्यतः आखातातून येतो. पाणी शुद्ध करायला लागणारा क्लोरीन कुठल्या तरी कारखान्यात वीज खर्चून बनतो. यातली एक कडी तुटली की चार दिवसांनी ती आपल्या नळाशी जाणवते.

धरण भरलेलं असताना वीज गेली तर नळ का बंद पडतो?

कारण पाणी धरणातून घरापर्यंत आपोआप येत नाही. १९६५ साली पूर्ण झालेल्या गंगापूर धरणात साडेपाच टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी मावतं. तिथल्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, मोठे पंप ते उचलून शहरातल्या जलशुद्धीकरण केंद्रांकडे ढकलतात. मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या केंद्रात येतं. नाशिकरोडला दारणेचं पाणी चेहेडीहून उचलून देण्याची सोय आहे. शुद्ध झालेलं पाणी मग जलकुंभांत चढवायचं, त्यासाठी पुन्हा पंप. जलकुंभातून तुमच्या गल्लीपर्यंत मात्र ते उताराने येतं, तिथे वीज लागत नाही. पण सोसायटीत पोहोचल्यावर ते जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि गच्चीवर चढवायला तिसऱ्यांदा पंप लागतो.

म्हणजे एका तांब्याभर पाण्यामागे निदान तीन ठिकाणी मोटर फिरते. शनिवारी पाणी येणार नाही अशी सूचना पेपरात वाचली की बहुतेकांना वाटतं पाइप फुटला असेल. पुष्कळदा कारण वीजवाहिनीच्या दुरुस्तीचं असतं.

वीज पंधरा मिनिटंच गेली होती, मग पाणी दिवसभर का आलं नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि बहुधा रागाने विचारला जातो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पंप चालू असताना पंपघरात इतका घोंघाट असतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. वीज गेली की एकदम शांतता होते. कान त्या शांततेला सरावतात न सरावतात, तोच खालून धाड् असा आवाज येतो आणि पायाखालची फरशी हादरते. चढावर गेलेलं पाणी उलटं फिरलेलं असतं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेचं, झाकण त्या लोंढ्यावर आपटलेलं असतं. आम्ही म्हणायचो, ‘हॅमर बसला.’ शेकडो टन पाण्याचा तो दणका असतो. लाइन चांगली असेल तर सोसते, जुनी असेल तर जोडावर फुटते.

एका पावसाळ्यात माझ्या पाळीत असाच जोड उडाला. दहा मिनिटांत पंपघरात गुडघाभर पाणी झालं आणि दोन मोटरी भिजल्या. वीज तासाभरात आली, पण भिजलेली मोटर चालू केली तर जळते. आम्ही मोटरीची झाकणं काढली, आत दोनशे वॅटचे बल्ब लोंबकळत सोडले आणि वरून ताडपत्री टाकली. दर दोन तासांनी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून मोटर आतून सुकली का ते बघायचं. पहिल्या रात्री काटा शून्यावरून हलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वर सरकू लागला तेव्हा आमच्या हेल्परने मोटरीला हात लावून नमस्कार केला. तोपर्यंत अर्ध्या भागात टँकर फिरत होते आणि लोक आम्हाला शिव्या देत होते. मला त्या शिव्यांचं वाईट वाटलं नाही. ज्या घरात पाणी नाही त्या घराने आणखी काय करायचं?

काहीही न फुटता वीज परत आली तरी पंप एकदम पूर्ण जोराने सोडता येत नाहीत. पाइपांत हवा शिरलेली असते. ती एअर व्हॉल्व्हमधून फुसफुसत बाहेर पडेपर्यंत लाइन हळूहळू भरावी लागते. मग शुद्धीकरण, मग जलकुंभ ठरावीक पातळीला येणार, आणि त्यानंतर व्हॉल्व्हमन लांब चावी घेऊन एकेका भागाचा व्हॉल्व्ह फिरवणार. पंधरा मिनिटांचे आठ तास होतात ते असे.

रिकाम्या पाइपात आजूबाजूचं गटाराचं पाणीही ओढलं जातं, म्हणून अशा वेळी नळाला आलेलं पहिलं गढूळ पाणी झाडांना घाला. प्यायला घेऊच नका.

युद्धात खरंच पाण्या-विजेवर घाला घालतात का?

घालतात, आणि त्याची किंमत सामान्य माणूस मोजतो.

युक्रेनमध्ये १० ऑक्टोबर २०२२ पासून वीज केंद्रं आणि उपकेंद्रांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोनचा मारा सुरू झाला. ऐन थंडीत शहरंच्या शहरं अंधारात गेली आणि विजेपाठोपाठ पाणी आणि घरं उबदार ठेवणारी यंत्रणाही गेली. मिकोलाइव हे लाखो वस्तीचं शहर द्नीपर नदीवरून लांबच्या जलवाहिनीने पाणी आणायचं. एप्रिल २०२२ मध्ये ती वाहिनी लढाईत तुटली आणि दुरुस्ती करायला कुणी पोहोचू शकेना. सुमारे महिनाभर नळ कोरडे राहिले. मग नाइलाजाने जवळच्या खाडीसारख्या पात्रातलं खारट पाणी सोडलं. त्याने भांडी तरी घासता आली, पण त्याच खारटपणाने शहरभरचे लोखंडी पाइप आतून कुजले आणि जागोजागी फुटू लागले. पिण्याच्या पाण्यासाठी लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहिले, तेही महिनोन्‌महिने. एक वाहिनी तुटण्याने काय होतं ते समजायला एवढं पुरे.

सारायेवोला १९९२ ते १९९६ वेढा होता. तिथे पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर तोफगोळे पडले. इराकमध्ये १९९१ साली वीज केंद्रं पाडली गेली आणि त्यामुळे पाणी शुद्ध करणारी आणि मैला उपसणारी यंत्रणा बसली. बॉम्ब थांबल्यावरही पोरं जुलाबाने मरत राहिली. येमेनमध्ये कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. युनिसेफने २०१९ मध्ये दीर्घकाळ युद्ध चाललेल्या १६ देशांचा अभ्यास केला. पंधरा वर्षांखालची मुलं तिथे प्रत्यक्ष हिंसेने मरतात त्याच्या जवळपास तिप्पट, अशुद्ध पाणी आणि अस्वच्छतेतून होणाऱ्या जुलाबांनी मरतात, असं त्यात आढळलं. हा आकडा मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि सांगताना दर वेळी थांबावं लागतं.

याला काही कायदा आहे की नाही?

आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये कलम ५४ म्हणतं की नागरिकांच्या जगण्याला अत्यावश्यक असलेल्या गोष्टी, म्हणजे पिण्याच्या पाण्याची यंत्रणा, सिंचनाची कामं, पिकं, नष्ट करायची नाहीत. कलम ५६ धरणं, बंधारे आणि अणुवीज केंद्रांना वेगळं संरक्षण देतं. अशा ठिकाणी एका ओळीत तीन नारिंगी वर्तुळं काढायची खूण ठरलेली आहे. भारत आणि पाकिस्तान या प्रोटोकॉलचे सदस्य नाहीत, पण लोकांचं पाणी तोडायचं नाही हा नियम रूढीनेच सगळ्यांना बांधतो असं मानलं जातं. एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २५७३ एकमताने मंजूर केला. तो नेमका याच विषयावर आहे, आणि तेव्हा भारत परिषदेत होता.

आपल्या दोन देशांत मात्र एक करार वर्षानुवर्षं पाळला जातो. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असं ३१ डिसेंबर १९८८ ला ठरलं. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्हीकडून अशा केंद्रांची यादी एकमेकांना दिली जाते. संबंध कितीही बिघडलेले असोत, यादी जाते. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

विजेच्या बाबतीत पळवाट मोठी आहे, कारण तीच वीज सैन्यही वापरतं. त्यामुळे वीज केंद्र हे लष्करी लक्ष्य होतं, असा दावा केला जातो. तरी मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने युक्रेनच्या वीजयंत्रणेवरच्या हल्ल्यांबद्दल दोन रशियन कमांडरांवर अटकेची वॉरंट काढली. कायद्याने क्षेपणास्त्र अडत नाही, हे खरं आहे. पण उद्या हिशेब मागितला जाईल ही धास्ती काही हात तरी मागे ओढते, असं मी मानतो.

गंगापूर धरणाला काही झालं तर?

पंचवटीत हा प्रश्न हमखास येतो, आणि तो येणं साहजिक आहे. गोदावरीला पाणी चढलं की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, कमरेपर्यंत आलं की छातीपर्यंत. पण धरणातून ठरवून सोडलेलं पाणी आणि फुटलेल्या धरणाचं पाणी यांत तुलना नाही. ६ जून २०२३ ला युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं तेव्हा खालची गावंच्या गावं बुडाली, आणि वरच्या बाजूला जलाशय आटल्याने शेतीचे कालवे नि शहरांची पाणीयोजना कोरडी पडली. पूर आणि टंचाई एकाच दिवशी.

आपल्या हातात असलेली गोष्ट सांगतो. तुमचं घर निळ्या पूररेषेत आहे की लाल, हे महापालिकेच्या किंवा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर बघून घ्या. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर लाल रेषेच्या आत असेल तर उंचावर जायचा रस्ता आजच ठरवा. तो पूल ओलांडून जाणारा नसावा.

ब्लॅकआऊट म्हणजे महावितरण वीज बंद करतं का?

नाही. ब्लॅकआऊटमध्ये उजेड बाहेर दिसू द्यायचा नसतो, एवढंच. १९७१ च्या डिसेंबरात मी लहान होतो. आईने खळ करून खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता आणि कंदील खाटेखाली ठेवला होता. घरात उजेड होता, बाहेर नव्हता. आजही तेच करायचं. दिवे घालवा, पडदे ओढा, पण फ्रीज आणि घरातली औषधोपचाराची यंत्रं चालू राहू द्या.

सगळ्यांनी एकाच क्षणी मेन स्विच खाली ओढला तर वेगळाच धोका होतो. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन झालं होतं. तेव्हा देशाची विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉटने घसरली. तयारी आधीपासून होती म्हणून ग्रिड, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांचं जाळं, टिकली. जलविद्युत केंद्रांनी उत्पादन झपाट्याने कमी केलं आणि नंतर तितक्याच झपाट्याने वाढवलं. न सांगता असं घडलं तर फ्रिक्वेन्सी उडून ग्रिडच कोसळू शकते.

सोसायटीच्या आवारातले सोलर दिवे आणि इन्व्हर्टरवरचे जिन्यातले दिवे मात्र लक्षात ठेवून बंद करा. ते आपणहून लागतात आणि सरावाच्या रात्री बहुतेक इमारतींत तेवढेच चमकत होते. सायरन वर-खाली होत वाजला तर धोका आहे, एकसुरात लांब वाजला तर धोका टळला.

सगळी ग्रिडच बसली तर वीज परत कशी आणतात?

औष्णिक केंद्र सुरू करायलाच वीज लागते. कोळशाच्या चक्क्या, मोठे पंखे, बॉयलरला पाणी देणारे पंप हे सगळं आधी फिरलं पाहिजे. एकलहऱ्याची क्षमता ६३० मेगावॉट आहे, पण बाहेरून वीज मिळाल्याशिवाय ते स्वतः उठू शकत नाही. म्हणून सुरुवात जलविद्युतपासून होते. तिथे दार उघडलं की पाणी टर्बाइन फिरवतं, थोड्या बॅटरीवर आणि डिझेल सेटवर काम भागतं. तिथून एकेक वाहिनी जिवंत करत औष्णिक केंद्रापर्यंत वीज न्यायची, याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला, साठ कोटींहून जास्त लोकांना फटका बसला, तेव्हा याच पद्धतीने वीज टप्प्याटप्प्याने परत आली. आपला पश्चिम विभाग त्या वेळी वाचला होता.

अशा वेळी आधी कुणाला वीज द्यायची हा क्रम ठरलेला असावा लागतो. इस्पितळं आणि पाण्याचे पंप त्यात वर असलेच पाहिजेत. औष्णिक केंद्राला थंड ठेवायला पाणी लागतं आणि पाण्याच्या पंपांना वीज लागते, त्यामुळे एकाला सोडून दुसऱ्याला वाचवता येत नाही.

सायबर हल्ल्याने वीज जाऊ शकते का?

गेलेली आहे. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनच्या तीन वीज वितरण कंपन्यांत संगणकांत बाहेरून घुसून ब्रेकर, म्हणजे वाहिनी चालू-बंद करणारे मोठे स्विच, उघडले गेले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परत आली, कारण माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर बंद केले. सगळं काही स्क्रीनवरून चालवणाऱ्या केंद्रात हाताने चालवू शकणारी माणसं शिल्लक हवीत. नवीन भरतीतल्या मुलांना हँडल फिरवायला शिकवा, असं मी निवृत्त होताना लेखी देऊन आलो.

घरात किती पाणी साठवायचं?

आपत्तीत माणशी दिवसाला १५ लिटर हे किमान धरतात, पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं मिळून. त्यातलं प्यायला साधारण तीन लिटर. चार माणसांच्या घराला तीन दिवसांचे झाले १८० लिटर, त्यात प्यायचं ३६. एक पिंप, दोन हंडे, दोन कळशा आणि वीस लिटरचे दोन झाकणाचे कॅन, एवढ्यात काम होतं. प्यायचं पाणी वेगळ्या झाकणाच्या भांड्यात, ओगराळ्याने काढा, हात बुडवू नका.

सायरन वाजल्यावर मात्र नळ सोडून भरत बसू नका. सगळ्या शहराने एकाच वेळी नळ उघडले तर जलकुंभ तासाभरात रिकामे होतात आणि उंचावरच्या वस्त्यांना थेंबही मिळत नाही. साठा शांततेच्या दिवसांत करा.

आरओ बंद पडला तर पाणी शुद्ध कसं करायचं?

गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या आणि चारपदरी सुती कापडातून गाळा. मग उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर नाशिकच्या उंचीला एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं उकळून गॅस संपवू नका. गॅसच नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) वेष्टणावर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. तेही नसेल तर स्वच्छ, रंगहीन प्लॅस्टिकच्या (पेट) बाटलीत गाळलेलं पाणी भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवा. ढगाळ हवेत सलग दोन दिवस.

छतावर सोलर आहे. ग्रिड गेली तरी आमची वीज चालू राहील ना?

बहुतेकांची राहणार नाही, आणि हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात. सूर्यघर योजनेतून बसवलेले बरेचसे संच ग्रिडला जोडलेले असतात. ग्रिड गेली की त्यांचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. तसा तो झालाच पाहिजे, कारण खांबावर काम करणाऱ्याच्या हातात तुमची वीज जायला नको. रात्रीही वीज हवी असेल तर बॅटरी असलेला हायब्रिड संच लागतो. सोसायटीने निदान पाण्याच्या पंपापुरता तरी तो करावा.

जनरेटर घ्यावा का?

घ्या, पण चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकतर ग्रिड नाहीतर जनरेटर जोडणारा स्विच, बसवूनच. दोन्हीकडे खिळे असलेल्या वायरीने जनरेटर घरातल्या सॉकेटला जोडणारे लोक मी डोळ्यांनी बघितले आहेत. ती वीज मीटरमधून उलटी डीपीवर, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, जाते आणि तिथे अकरा हजार व्होल्ट होते. लाइन बंद आहे असं समजून वर चढलेला एक ओळखीचा लाइनमन त्यात गेला. दोन लहान मुली होत्या त्याला. माझ्यावर उपकार म्हणून तरी ही चूक करू नका.

जनरेटर बंद खोलीत, बेसमेंटमध्ये किंवा जिन्याखाली चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. डिझेलचे कॅन पार्किंगमध्ये रचून ठेवणं धोक्याचं आहे.

घरात डायलिसिसचा रुग्ण आहे, किंवा ऑक्सिजन मशीन आहे. काय करू?

एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं आणि चार तास अखंड वीज. तुमच्या केंद्राकडे पाण्याचा आणि विजेचा राखीव साठा किती तासांचा आहे ते आजच विचारा, आणि दुसऱ्या एका केंद्राशी आधीच बोलून ठेवा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर एक भरलेला सिलिंडर घरात हवाच. २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच शहरातल्या एका रुग्णालयात टाकीची गळती झाली आणि थोडा वेळ ऑक्सिजन कमी पडला. वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा युद्ध नव्हतं, फक्त पुरवठा तुटला होता.

मलजलाचं काय होतं?

हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. तपोवन, आगरटाकळी अशा मलजल केंद्रांचे पंप बंद पडले की मैला थेट गोदेत जातो आणि खाली निफाडकडच्या गावांना भोगावं लागतं. वीज नसेल तेव्हा फ्लशऐवजी कपडे धुतलेलं पाणी बादलीने टाका, तेही बेतानं.

पाण्यात विष टाकलंय असा मेसेज आला तर?

पुढे पाठवू नका. लाखो लिटरच्या साठ्यात विष कालवणं सोपं नाही, आणि शुद्धीकरण केंद्रावर तपासणी रोज होते. वास, रंग, चव खरंच वेगळी वाटली तर पाणी बाटलीत धरून विभागीय कार्यालयात कळवा. पंपिंग स्टेशनचे फोटोही टाकू नका.

बिघाड झाला तर दुरुस्त करायला कोण येणार?

लाइनमन, व्हॉल्व्हमन, फिटर, पंप ऑपरेटर, क्लोरीन सोडणारा. यांतले बरेचसे कंत्राटी आहेत. पूर्व युक्रेनमध्ये २०१४ नंतर पाइप दुरुस्त करायला गेलेले पाणीपुरवठ्याचे कामगार गोळीबारात मारले गेले. तिथे काही तास गोळीबार थांबवण्याचं दोन्ही बाजूंकडून कबूल करून घेऊन दुरुस्ती करावी लागे. कुठलीही यंत्रणा शेवटी या माणसांच्या जिवावर उभी असते, आणि त्यांना हेल्मेट, विमा, ओळखपत्र आणि घरच्यांच्या सुरक्षिततेची हमी मिळाली पाहिजे. ती न देता त्यांनी बॉम्बहल्ल्यात खांबावर चढावं असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर बाजारात तयार मिळत नाही, तो बनवून घ्यायला वर्ष किंवा जास्तही लागतं. युक्रेनने आपले ट्रान्सफॉर्मर दगड भरलेल्या जाळ्यांनी आणि काँक्रीटच्या भिंतींनी झाकले, ते याचसाठी. शहराकडे राखीव पंप, मोटरी, मोठ्या व्यासाचे पाइप, गॅस्केट आणि क्लोरीनचा साठा किती आहे, हा प्रश्न नगरसेवकाला विचारायचा आहे. रस्त्याच्या काँक्रीटीकरणाबद्दल विचारतो तितक्याच जोराने.

वायर तुटून पडलेली दिसली तर हात लावू नका, १९१२ ला फोन करा. लाइनमन आला की त्याला आधी पाणी विचारा.

आमच्या सोसायटीने एकच काम करायचं असेल तर कोणतं?

जमिनीखालच्या टाकीतून विजेशिवाय पाणी काढायची सोय करा. बहुतेक सोसायट्यांच्या या टाकीत निदान एका दिवसाचं पाणी असतं, पण झाकणाला कुलूप, चावी सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गावाला. एक हातपंप बसवून घ्या. तेवढे पैसे नसतील तर स्वच्छ दोर आणि स्टीलची बादली झाकणाजवळ डब्यात ठेवा आणि चावी तिघांकडे द्या.

मग एखाद्या रविवारी सकाळी दहा ते बारा, सगळ्यांना आधी सांगून, पंपाचा मेन स्विच बंद करा. चौथ्या मजल्यावरच्या आजींना दोन बादल्या कोण नेऊन देणार, लिफ्ट नसताना त्या कशा उतरणार, जिन्यातला कुठला दिवा बंद होतच नाही, हे तेव्हा कळेल. जे जे अडलं ते कागदावर लिहून लिफ्टशेजारी चिकटवा. पुढच्या महिन्यात पुन्हा बंद करून बघा.